आधी हानी, मग कपट : 'फ्रॉड' या शब्दावरील दहा व्याख्यानांचे परीक्षण

रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे इ.स.पू. ४५१-४५० च्या सुमारास, कर्ज न फेडणाऱ्या ऋणकोविषयी एक भीषण कलम होते. धनको एकापेक्षा अधिक असतील तर तिसऱ्या बाजाराच्या दिवशी त्यांनी वाटे कापून घ्यावेत, असे ते सांगते. हे वाटे ऋणकोच्या देहाचे की मालमत्तेचे, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुढे ते कलम एवढेच जोडते की कोणी कमी-अधिक कापले, तर 'से फ्राउदे एस्तो'. आजच्या कानाने ऐकणारा माणूस यातला 'फ्राउदे' ऐकताच 'त्यात लबाडी नसावी' असा अर्थ लावील आणि साफ चुकेल. लबाडीचा इथे संबंधच नाही. 'त्याबद्दल कापणाऱ्याला दोष लागू नये, त्याचे काही वाईट होऊ नये' एवढाच त्या शब्दांचा आशय आहे. प्रस्तुत व्याख्यानमालेची सुरुवात या वाक्याने होते आणि 'फ्रॉड म्हणजे फसवणूक' हे आपण गृहीत धरलेले समीकरण पहिल्या पाच मिनिटांतच डळमळीत होते.

ही व्याख्याने नोंदणी करून ऐकायची आहेत. एकूण दहा ध्वनिमुद्रणे असून प्रत्येक सुमारे पाऊण तासाचे आहे. सोबत मूळ उताऱ्यांची एक टिपणवही मिळते आणि प्रत्येक व्याख्यानाच्या अखेरीस छोटी चाचणी असते. भाषा इंग्रजी आहे. लॅटिन येत असण्याची अट नाही, कारण प्रत्येक उतारा आधी मुळातून वाचला जातो आणि मग शब्दशः उलगडला जातो. पहिली चार व्याख्याने रोमन काळाची आहेत, पाचवे कायद्याला वळसा घालणाऱ्या लबाडीचे, सहा ते नऊ इंग्रजी कायद्याची आणि दहावे आजच्या फौजदारी कायद्यांचे. माझे मत आधीच नोंदवतो : पहिली चार पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगी आहेत, सहावे उत्कृष्ट आहे, सातवे आणि आठवे ढिले पडले आहेत, आणि दहावे इतक्या घाईने उरकले आहे की मालेने स्वतःच हाती घेतलेला धागा तिथे सुटतो. हे मत कशामुळे झाले, ते सविस्तर सांगावे लागेल, कारण दोष आणि गुण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

'फ्राउस' हे 'फ्रॉड'च्या मुळाशी असलेले लॅटिनमधील स्त्रीलिंगी नाम; त्याचे षष्ठीचे रूप 'फ्राउदिस'. वक्ते दाखवतात की या शब्दाच्या जुन्या वापरांत हानी, नुकसान, दोष, अपराध हे अर्थ ठळक आहेत आणि कपटाचा अर्थ त्यांच्याभोवती हळूहळू दाट होत जातो. एखादी गोष्ट कोणाला 'फ्राउदी' झाली, म्हणजे ती त्याला बाधली. 'सिने फ्राउदे', म्हणजे कोणताही धोका किंवा दंड न पत्करता. बारा पाट्यांतच दुसरे एक कलम आहे : आश्रयदात्याने आपल्या आश्रिताशी 'फ्राउस' केली, तर 'साकेर एस्तो', म्हणजे तो देवाच्या स्वाधीन झालेला, समाजाच्या संरक्षणाबाहेर गेलेला समजावा. या ठिकाणी विश्वासघात अभिप्रेत आहे की केवळ अपाय, हे शब्दावरून ठरवता येत नाही, आणि वक्ते ते ठरवण्याचा अट्टहासही करीत नाहीत. आश्रिताचे बुडणे आणि आश्रयदात्याचे खोटे वागणे या दोन गोष्टी त्या समाजाच्या नजरेत अजून वेगळ्या झालेल्याच नव्हत्या, असे ते सुचवतात. मला हे पटले. मराठीतही 'घात' हा शब्द असाच दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे. 'माझा घात झाला' असे म्हणणारा माणूस नुकसानाबद्दल बोलतो आहे की दग्याबद्दल, हे पुष्कळदा त्यालाही वेगळे सांगता येणार नाही.

व्युत्पत्तीच्या बाबतीत वक्ते संयम पाळतात, आणि तो या विषयात दुर्मीळ आहे. 'फ्रुस्त्रा' म्हणजे 'व्यर्थ' हे लॅटिन अव्यय 'फ्राउस'चे नातलग मानले जाते. ज्याची फसगत झाली त्याचे श्रम वाया गेले, अशी ती अर्थसाखळी आहे. त्याहून मागे गेले की जमीन भुसभुशीत होते. जुन्या कोशकारांपैकी काहींनी संस्कृत 'धूर्त' या शब्दाशी नाते सुचवले होते आणि आपल्याला ते फार गोड वाटते. परंतु ते सर्वमान्य नाही आणि वक्ते त्याचा एका वाक्यात उल्लेख करून पुढे जातात. संस्कृतशी नाते जुळले की टाळ्या पडतात, हे ठाऊक असूनही मोह आवरणाऱ्या माणसावर बाकीच्या गोष्टींत विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरे व्याख्यान एका गोष्टीसाठी राखून ठेवले आहे. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात ती येते. कानियुस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिराक्यूजला आला आणि एखादी छोटी बाग विकत घ्यावी, मित्रांना बोलवावे, निवांत राहावे असे बोलू लागला. पिथियुस नावाच्या सावकाराच्या कानावर हे गेले. त्याने आपली बाग विकाऊ नसल्याचे सांगून कानियुसला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावले, आणि इकडे कोळ्यांना गोळा करून उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा, असे सांगितले. पाहुणा आला तर समोर होड्यांची गर्दी, आणि प्रत्येक कोळी आपली मासळी आणून पिथियुसच्या पायाशी टाकतो आहे. हे काय, असे विचारल्यावर पिथियुस शांतपणे म्हणाला, यात नवल ते काय, सिराक्यूजची सगळी मासळी इथेच असते, या लोकांचे या बागेवाचून चालतच नाही. कानियुसने गळ घातली, पिथियुसने आधी आढेवेढे घेतले आणि मग मागेल त्या किमतीला सौदा झाला. दुसऱ्या दिवशी कानियुस मित्रांसह लवकर येऊन पाहतो तो समोर एक वल्हेसुद्धा दिसेना. आज कोळ्यांचा सण आहे का, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, मला तरी ठाऊक नाही. इथे कोणी मासे धरीतच नाही, म्हणून तर काल काय झाले याचे मला आश्चर्य वाटत होते.

कानियुस संतापला, पण करणार काय, असे सिसेरो लिहितो, कारण आपला सहकारी आणि स्नेही आक्विलियुस गालुस याने 'दोलुस मालुस', म्हणजे वाईट हेतूने केलेल्या कपटाविरुद्धच्या दाव्याचे सूत्र तेव्हा अजून काढलेले नव्हते. या वाक्यावर वक्त्यांनी जो वेळ खर्च केला आहे तो सार्थकी लागला आहे. फसवणूक झाली होती, नुकसान झाले होते, साक्षीदार होते. नव्हता तो दावा. आधी दावा, मग हक्क, ही रोमन कायद्याची चाल होती. न्यायदानाचा अधिकारी असलेला प्रेटर ज्या तक्रारीसाठी सूत्र देईल तीच तक्रार न्यायालयात उभी राहत असे. पण विक्रीच्या करारातच सद्भावनेची अपेक्षा होती, मग कानियुसला तिचा आधार का मिळाला नाही? सिसेरोच्या मजकुरात पिथियुसने हिशेबाच्या वहीत नोंद करून घेतल्याचा उल्लेख आहे. अशा नोंदीने विक्रीचे रूपांतर कडक, शब्दाला बांधलेल्या कर्जात होई आणि मग सद्भावनेचा प्रश्न विचारायला वाव उरत नसे, असे स्पष्टीकरण अनेक अभ्यासक देतात. होड्यांच्या देखाव्यापेक्षा ही वहीतली नोंदच पिथियुसची खरी करामत होती, हे वक्त्यांचे निरीक्षण मला या मालेतील सर्वांत धारदार वाटले.

आक्विलियुसने इ.स.पू. ६६ च्या सुमारास आणलेल्या सूत्राची गोष्ट तिसऱ्या व्याख्यानात पुढे चालते. 'दोलुस मालुस' म्हणजे काय, असे विचारल्यावर तो म्हणे : एक भासवणे आणि दुसरेच करणे. ऑगस्टसच्या काळातील विधिज्ञ लाबेओ याला अशी व्याख्या अपुरी वाटली. काहीही न भासवता, नुसते गप्प राहूनही माणसाला गोवता येते आणि उलट, काही जण स्वतःचे किंवा दुसऱ्याचे रक्षण करण्यासाठी सोंग घेतात, त्यांना कपटी म्हणता येत नाही. म्हणून त्याने दुसऱ्याला गोवण्यासाठी, चकवण्यासाठी, फसवण्यासाठी योजलेली कोणतीही चलाखी, लबाडी किंवा कारस्थान, अशी व्यापक व्याख्या केली आणि तीच इ.स. ५३३ मध्ये जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' या संकलनात उल्पियन या विधिज्ञाच्या उताऱ्यातून आपल्यापर्यंत पोचली. 'मालुस' म्हणजे वाईट हे विशेषण का लागते, तेही तिथेच कळते : जुने लोक शत्रू किंवा लुटारू यांच्याविरुद्धच्या युक्तीला 'दोलुस बोनुस', म्हणजे चांगली चलाखी म्हणत. युक्ती, चलाखी आणि कपट यांच्या सीमारेषा मराठीतही अशाच पुसट आहेत, त्यामुळे हा भाग आपल्याला समजायला जड जात नाही.

याच ठिकाणी माझी पहिली गंभीर तक्रार आहे. ध्वनिमुद्रणात 'फ्राउस' आणि 'दोलुस' हे दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले आहेत, परंतु टिपणवहीच्या अखेरच्या शब्दसूचीत दोघांपुढे एकच अर्थ छापला आहे. हे निव्वळ आळसाचे काम आहे. 'दोलुस' हा हेतूकडे पाहणारा शब्द आहे. त्याचे ग्रीक मूळ 'दोलोस' म्हणजे आमिष, सापळा. 'फ्राउस' परिणामाकडून निघाला आणि हेतूपर्यंत पोचला. ज्या मालेचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे, तिच्याच टिपणवहीने तो बुजवावा, हे अक्षम्य आहे. आणि जे श्रोते ध्वनिमुद्रण न ऐकता केवळ टिपणवही वाचून चाचणी सोडवतील (असे श्रोते असतातच), ते चुकीचाच अर्थ घेऊन बाहेर पडतील.

दुसरी तक्रार तुलनेने किरकोळ आहे. 'दोलुस मालुस'चा दावा हरणारा माणूस 'इन्फामिया' म्हणजे अप्रतिष्ठेस पात्र ठरत असल्यामुळे तो सहजासहजी दिला जात नसे, हे वक्ते सांगतात. दुसरा कोणताही दावा उपलब्ध असेल तर हा मिळत नसे, हेही सांगतात. पण मुलांना आईबापांविरुद्ध आणि मुक्त झालेल्या गुलामाला आपल्या पूर्वीच्या मालकाविरुद्ध, म्हणजे 'पात्रोनुस'विरुद्ध, हा दावा नाकारला जाई, या माहितीवरून ते नुसते पुढे जातात. पहिल्या व्याख्यानात आश्रिताला बुडवणाऱ्या 'पात्रोनुस'ला शाप देणारा कायदा आपण ऐकलेला असतो. काही शतकांनंतर त्याच नावाच्या माणसाच्या अब्रूला जपणारा कायदा समोर येतो. नाती वेगळी होती, मान्य आहे, आणि अशा वादीला अप्रतिष्ठेचा डाग न लावणारा सौम्य दावा मिळू शके, हेही खरे आहे. तरी हा उलटा प्रवास दाखवण्याची संधी हातची गेली.

चौथ्या व्याख्यानात पाल येते. 'स्तेल्लिओ' म्हणजे अंगावर ताऱ्यांसारखे ठिपके असलेली पालीच्या जातीची एक सरड. थोरल्या प्लिनीने नोंदवलेली समजूत अशी की तिची टाकलेली कात अपस्मारावर औषध आहे, आणि माणसाला ते मिळू नये म्हणून ती कात स्वतःच खाऊन टाकते. माणसाचा इतक्या कपटाने मत्सर करणारा दुसरा प्राणी नाही, म्हणून तिचे नाव शिवी झाले. या शिवीवरून 'स्तेल्लिओनातुस' हा अपराध निघाला. ज्या लबाडीला दुसरे नाव नाही, ती सगळी या नावाखाली येई; विशेषतः एकाकडे गहाण असलेली वस्तू ती गोष्ट लपवून दुसऱ्याला देणे. हे नाव अजून जिवंत आहे. ब्राझीलच्या १९४० च्या दंडसंहितेत 'एस्तेलिओनातो' कलम १७१ मध्ये आहे, आणि तिथल्या बोलीत लबाड माणसाला 'एक सात एक' म्हणतात. आपल्याकडे हे काम अनेक वर्षे 'चारशेवीस' या आकड्याने केले, हे मराठी श्रोत्याला इथे आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन खंड, दोन भाषा, आणि शिवी म्हणून कलमाचा क्रमांक.

पाचवे व्याख्यान 'फ्राउस लेजी' म्हणजे कायद्याशीच केलेल्या लबाडीवर आहे. तिसऱ्या शतकातील विधिज्ञ पौलुस याचे वाक्य त्याच्या केंद्रस्थानी आहे : कायदा जे मना करतो ते करणारा कायद्याविरुद्ध वागतो, कायद्याचे शब्द शाबूत ठेवून त्याच्या आशयाला वळसा घालणारा कायद्याशी 'फ्राउस' करतो. या ठिकाणी फसवला गेलेला माणूस कोणीच नाही, हे लक्षात घेतले तर शब्द किती दूर आला आहे ते दिसते. उदाहरण म्हणून फ्रान्समधील बोफ्रमाँ खटला दिला आहे. फ्रान्समध्ये १८१६ पासून १८८४ पर्यंत घटस्फोटाची सोय नव्हती. पतीपासून विभक्त झालेल्या राजकुमारीने १८७५ मध्ये साक्स-आल्टेनबुर्ग या जर्मन संस्थानाचे नागरिकत्व घेतले आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये दुसरा विवाह केला. १८७८ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करण्यास नकार दिला, कारण नागरिकत्व घेण्यामागे फ्रेंच कायदा चुकवण्यापलीकडे हेतू नव्हता. या बाईंची बाजू वक्त्यांनी थोडी अधिक मांडायला हवी होती. जिथे बाहेर पडायला दारच ठेवलेले नाही, तिथे खिडकीतून उतरणाऱ्याला लबाड म्हणताना जरा तरी अडखळावे.

आता सहावे. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्रोद' आणि तिथून चौदाव्या शतकात इंग्रजीत 'फ्रॉड', हा प्रवास काही मिनिटांत आटोपून वक्ते थेट १६०१ च्या ट्वाइनच्या खटल्यावर येतात. पिअर्स नावाच्या माणसावर दोघांचे कर्ज होते, ट्वाइनचे चारशे पौंड आणि दुसऱ्या एकाचे दोनशे. दुसऱ्याने दावा लावताच पिअर्सने आपली सगळी चीजवस्तू गुपचूप ट्वाइनच्या नावे करून दिली. मात्र वस्तू स्वतःच्याच ताब्यात ठेवल्या, मेंढ्यांची लोकर कातरली, त्यांच्यावर आपलीच खूण उमटवली. धनकोंना बुडवण्यासाठी केलेली हस्तांतरणे रद्द ठरवणारा १५७१ चा एलिझाबेथकालीन कायदा इथे लागू झाला. मन तर दिसत नाही, म्हणून न्यायालयाने कपटाच्या खुणा मोजल्या : अंगावरच्या कपड्यांचाही अपवाद न ठेवता सर्वस्व दिले, ताबा सोडला नाही, व्यवहार गुप्त ठेवला, दावा चालू असताना केला. आणि एक खूण तर अशी की ती ऐकून मी ध्वनिमुद्रण थांबवले. हा व्यवहार प्रामाणिकपणे, खरेपणाने आणि सद्भावनेने केला आहे, असे त्या दस्तातच लिहिलेले होते. अशी रूढ नसलेली वाक्ये नेहमी संशय उत्पन्न करतात, असे न्यायालयाने म्हटले. रोममध्ये धनकोंच्या रक्षणासाठी असलेल्या 'पाउलियाना' या दाव्याशी याचे नाते किती जवळचे आहे, हे वक्ते नीट दाखवतात. पिअर्सने कोणाला खोटे सांगितले नव्हते. त्याने हानी केली होती. जुन्या 'फ्राउस'ची छाया इथे स्पष्ट दिसते, आणि मालेचा धागा इथपर्यंत ताणलेला, शाबूत आहे.

सातव्यात तो सैल होतो. १७८९ च्या पॅस्ली विरुद्ध फ्रीमन या खटल्यात फ्रीमनने एका माणसाची पत चांगली असल्याचे खोटेच सांगितले आणि त्यावर विसंबून पॅस्लीने त्या माणसाला कोचिनील या लाल रंगाच्या सोळा पिशव्या उधारीवर दिल्या. पैसे बुडाले. फ्रीमनला यातून दमडीही मिळालेली नव्हती, तरी तो जबाबदार ठरला. या निकालात न्यायमूर्ती बुलर यांनी सतराव्या शतकातील एक जुने वचन उद्धृत केले : नुकसानाविना कपट किंवा कपटाविना नुकसान यांतून दावा उभा राहत नाही, दोन्ही एकत्र आली की उभा राहतो. पहिल्या व्याख्यानापासून ज्या दोन अर्थांचा पाठपुरावा चालला आहे, ते दोन्ही अर्थ या एका वाक्यात हातात हात घालून उभे आहेत. वक्ते मात्र हे वाक्य वाचतात आणि लगेच मतभिन्नता नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींच्या युक्तिवादाकडे वळून तिथे वीस मिनिटे घालवतात. संपूर्ण मालेत मला चुटपुट लागली ती इथे.

आठव्या व्याख्यानाचा विषय १८८९ चा डेरी विरुद्ध पीक हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल आहे, आणि 'फ्रॉड'च्या कायदेशीर अर्थाविषयी एकच निकाल वाचायचा तर तो हाच. प्लिमथच्या एका ट्राम कंपनीच्या संचालकांनी आपल्या माहितीपत्रकात गाड्या वाफेवर चालवण्याचा हक्क कंपनीला असल्याचे लिहिले. तो हक्क सरकारी मंडळाच्या संमतीवर अवलंबून होता आणि ती पुढे बहुतांशी नाकारली गेली. कंपनी बुडाली, तिचे भाग (शेअर) विकत घेतलेल्या पीक यांनी दावा लावला. लॉर्ड हर्शेल यांनी कसोटी ठरवून दिली : विधान खोटे असल्याचे ठाऊक असताना केलेले, किंवा खरेपणावर विश्वास नसताना केलेले, किंवा खरे की खोटे याची पर्वाच न करता केलेले असेल, तर ते कपट. संचालकांचा विश्वास प्रामाणिक होता, म्हणून ते सुटले. निष्काळजीपणा कितीही मोठा असो, तो कपट नव्हे. पीक यांचे नुकसान खरे होते, परंतु शब्द आता सर्वस्वी सांगणाऱ्याच्या मनात जाऊन बसला होता. लोकांना हे पचले नाही. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, संचालकांच्या जबाबदारीचा कायदा करून संसदेने माहितीपत्रकांपुरती ही फट बुजवली. वक्ते निकाल स्पष्ट सांगतात, पण त्याच्या परिणामांची जंत्री इतकी लांबवतात की कान थकतो. त्यापेक्षा १८८५ चे न्यायमूर्ती बोवेन यांचे प्रसिद्ध वाक्य, की माणसाच्या मनाची अवस्था ही त्याच्या पचनाच्या अवस्थेइतकीच वस्तुस्थिती आहे, इथे खुलवता आले असते. ते एका टीपेत ढकलले आहे.

नववे व्याख्यान मौनावर आहे आणि ते ऐकावेच. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यातील कलम १७ इथे उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण त्यातील दाखले मुलांच्या पाठ्यपुस्तकासारखे स्वच्छ आहेत. एक जण लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष असल्याचे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याइतकेच आहे. लाबेओने जुन्या व्याख्येत काढलेली खोट जवळजवळ दोन हजार वर्षांनी एका घोड्याच्या पाठीवर बसून परत आली, असे मला वाटले. याच व्याख्यानाच्या सुमारास माझ्या ध्यानात आले की या सेवेची नोंदणी मुदत संपताच आपोआप नव्याने सुरू होते, आणि ती थांबवण्याची सोय खात्याच्या तिसऱ्या पानाच्या तळाशी ठेवलेली आहे. अट लिहिलेली आहे, लपवलेली म्हणता येणार नाही. पण ठळक मथळ्याखालीही ती नाही. लिलावातल्या घोड्याच्या दाखल्यात मी कुठे उभा आहे, याचा विचार करीत मी ती सोय शोधून काढली. ज्यांनी नोंदणी करायची, त्यांनी पहिल्याच दिवशी हे काम उरकावे.

दहाव्या व्याख्यानाबद्दलची निराशा लपवण्यात अर्थ नाही. भारतीय दंडसंहितेच्या १८६० च्या कलम २५ चा त्यात ओझरता उल्लेख आहे : कपटाने वागणे म्हणजे कपट करण्याच्या उद्देशाने वागणे, अन्यथा नव्हे. व्याख्या स्वतःचीच शेपटी धरून फिरते, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच पुढे आली आहे. वक्ते यावर हसतात आणि थांबतात. थांबायला नको होते, कारण हे वर्तुळ फोडण्याचे काम न्यायालयांनी केले आहे. एका बाईंनी आपल्या तान्ह्या मुलीच्या नावावर मोटार घेतली, विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या आणि अपघाताची भरपाई घेतली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्यांना निर्दोष ठरवताना सांगितले की कपटाचे घटक दोन : फसवणूक आणि इजा. बाईंनी स्वतःच्या नावाने सही केली असती तरी कंपनीने पैसे दिलेच असते. कोणाचे काही बिघडले नाही, म्हणून कपट नाही. ही इजा केवळ पैशाची असावी लागते असेही नाही, शरीर, मन, लौकिक यांचीही चालते. 'फ्राउस'चा बारा पाट्यांतला अर्थ या निकालात पुन्हा जागा होतो, आणि मालेत त्याला एक मिनिटही मिळालेले नाही.

इंग्लंडने उलट दिशा धरली. २००६ च्या फ्रॉड अ‍ॅक्टनुसार खोटे निवेदन, सांगणे बंधनकारक असलेली माहिती दडवणे आणि विश्वासाच्या पदाचा गैरवापर, या तीन वाटांनी एकच अपराध घडतो. लाभ मिळवण्याचा किंवा तोटा घडवण्याचा अप्रामाणिक उद्देश पुरेसा आहे, प्रत्यक्ष लाभ-तोटा होण्याची गरज नाही. समोरचा फसला नाही तरी चालते. नुकसान या व्याख्येतून बाहेर गेले आणि केवळ उद्देशात उरले. हा बदल योग्य की अयोग्य, यावर मतभेद होतील; मला त्यातली व्यावहारिक सोय कळते, कारण फसवू पाहणाऱ्याचा डाव उधळला म्हणून त्याला मोकळे सोडावे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांनी पहिल्या व्याख्यानात 'फ्राउदे' या एका रूपावर दहा मिनिटे दिली, त्यांनी कलमे वाचून दाखवून निरोप घ्यावा, हे खटकते.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे. आवाज स्वच्छ आहे, लॅटिनचे उच्चार सावकाश आणि सुस्पष्ट आहेत, उताऱ्यांचे क्रमांक ध्वनिमुद्रणात बोलून दाखवलेले असल्यामुळे टिपणवहीत शोधाशोध करावी लागत नाही. चाचण्या मात्र सनावळीच्या आहेत; कोणता खटला कोणत्या वर्षी, एवढेच विचारतात, आणि पिथियुसची वही किंवा ट्वाइनचा दस्त यांवर एकही प्रश्न नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने सहा ते नऊ ऐकावीत आणि दहाव्याऐवजी मूळ निकाल वाचावेत. भाषेची आवड असलेल्याने पहिली पाच ऐकून थांबले तरी त्याचे काही अडणार नाही. शब्दसूचीतील चूक मी निर्मात्यांना लिहून कळवली. पुढील आवृत्तीत 'फ्राउस' आणि 'दोलुस' यांचे अर्थ वेगळे छापू, असे उत्तर चार दिवसांत आले; दहावे व्याख्यान नव्याने ध्वनिमुद्रित करण्याचा विचार मात्र सध्या नाही, असेही त्यात होते.